करंगळीचा प्रश्न

वादकाची कारकीर्द मोजायला मैफली असतात, ध्वनिमुद्रिका असतात, मानपत्रे असतात, आणि यांतले काहीच उरले नाही तरी ‘काय वाजवायचा हो तो’ असे सांगणारी म्हातारी माणसे काही काळ असतात. शिक्षकाची कारकीर्द मोजताना यांतले फारसे काही उपयोगी पडत नाही. पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीत, म्हणजे तिथल्या सरकारी संगीतविद्यालयात, १८३८ पासून १८६८ पर्यंत क्लॅरिनेट शिकवणारे यासँत क्लोझे हे त्याचे टोकाचे उदाहरण म्हणता येईल. ते १८८० मध्ये वारले, तेव्हा एडिसनचा फोनोग्राफ निघून जेमतेम तीन वर्षे झाली होती. त्यामुळे त्यांची फुंक कशी होती, स्वर जाड होता की टोकदार, हे ऐकण्याची कोणतीही सोय नाही. त्यांच्या रचना वर्गात घोटल्या जातात, पण मैफलीत सहसा कुणी वाजवत नाही. आणि तरीही आज मुंबईत, टोकियोत किंवा शिकागोत ज्या कुणाच्या हाती फ्रेंच पद्धतीचे क्लॅरिनेट आहे, त्याची बोटे क्लोझे यांनी ठरवून दिलेल्या जागीच पडतात.

मी हौशी वादक आहे, आणि हौशी वादकाला गुरूंच्या गुरूंची नावे सहसा ठाऊक नसतात. मला क्लोझे हे नाव कळले ते आमच्या सरांकडच्या एका जाडजूड झेरॉक्स प्रतीमुळे. सर मूळचे गोव्याचे. लहानपणी गावच्या चर्चला जोडलेल्या शाळेत मेस्तांनी, म्हणजे संगीतशिक्षकांनी, त्यांच्याकडून सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर नावानिशी गाऊन वाचणे, घोटून घेतले होते. गोव्यातल्या अशा पॅरिश शाळांनीच पुढे मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांना नोटेशन धडाधड वाचणारे वादक पुरवले, हे आपल्याकडे आता बऱ्यापैकी मान्य झाले आहे. आमचे सर त्याच वाटेने आलेले. ते पुस्तकाचे नाव कधी घेत नसत. ‘आज क्लोझे काढ’ एवढेच म्हणत, जणू तो शेजारच्या इमारतीत राहणारा कुणी ओळखीचा गृहस्थ असावा.

बी मेजरची सरगम वाजवताना माझी गाडी दरवेळी ठरावीक ठिकाणी अडत असे. बी, सी-शार्प आणि डी-शार्प हे ओळीने येणारे तीन स्वर, आणि तिन्ही करंगळीने दाबायच्या चाव्यांवरचे. सरांनी कानाला खोचलेली पेन्सिल काढली आणि त्या तीन स्वरांखाली क्रमाने उ, डा, उ अशी अक्षरे लिहिली. बीला उजवी करंगळी, सी-शार्पला डावी, डी-शार्पला पुन्हा उजवी. मी तसे वाजवले आणि अडथळा नाहीसा झाला. म्हणजे माझ्या बोटांत काही फरक पडला नव्हता, फक्त कोणत्या करंगळीने आधी जायचे ते कळले होते. सर म्हणाले, ‘ही सोय कुणीतरी करून ठेवलीय म्हणून आहे, नाहीतर घसरत गेला असतास.’ ते कुणीतरी म्हणजे कोण, याची चौकशी करता करता मी पॅरिसला पोहोचलो, अर्थातच पुस्तकांतून.

ही सोय मोठी का आहे, हे समजायला क्लॅरिनेटचा मूळचा हट्टीपणा समजून घ्यावा लागतो. बासरी जरा जोरात फुंकली की तोच स्वर वरच्या सप्तकात लागतो. सनईची नळी शंकूसारखी पसरत जाते, म्हणून तिचाही स्वर सप्तक ओलांडूनच वर जातो. क्लॅरिनेटची नळी मात्र जवळजवळ सर्व लांबीभर सारख्याच व्यासाची, आणि रीडच्या, म्हणजे फुंकीने थरथरणाऱ्या पातळ पट्टीच्या, बाजूने ध्वनिशास्त्राच्या हिशेबाने बंद. अशा नळीत सम क्रमांकाचे स्वरांश (मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे सूक्ष्म स्वर) उमटतच नाहीत म्हटले तरी चालेल. त्यामुळे खालच्या षड्जावरून उडी मारली तर ती वरच्या षड्जावर न पडता त्याच्याही पुढच्या पंचमावर पडते. या एका गोष्टीमुळे क्लॅरिनेटला तो खोल, लाकडी, जरासा पोकळ आवाज मिळतो, आणि त्याच गोष्टीमुळे वादकाची कंबर मोडते. कारण बासरीला जिथे बारा स्वरांची व्यवस्था केली की तीच बोटयोजना वर पुन्हा वापरता येते, तिथे क्लॅरिनेटला पुनरावृत्ती सुरू होण्याआधी १९ स्वरांची सोय करावी लागते. उजवा अंगठा वाद्याचे वजन पेलण्यात अडकलेला असल्यामुळे हाती उरतात ९ बोटे. १९ स्वर आणि ९ बोटे हा हिशेब जमवणे म्हणजेच क्लॅरिनेटच्या यंत्रणेचा इतिहास होय.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हा हिशेब पाच-सहा चाव्यांत भागवला जात असे. जे स्वर त्यांत बसत नसत ते मधले एखादे भोक उघडे ठेवून खालची बंद करण्याच्या युक्तीने काढायचे. असे स्वर लागत, पण त्यांचा आवाज घसा बसल्यासारखा येई. म्हणून वादक निरनिराळ्या पट्ट्यांची वाद्ये जवळ बाळगत. पांढरी एकचे एक, काळी पाचचे दुसरे, पांढरी सहाचे तिसरे, आणि संगीतकाराने जी पट्टी धरली असेल तिला सोयीचे ते उचलायचे. १७९५ मध्ये पॅरिसची कॉन्झर्वेटरी स्थापन झाली तेव्हा शिकवण्याची व्यवस्था याच वाद्यांवर बेतलेली होती. ती संस्था मुळात नॅशनल गार्डच्या बँडमधून वाढलेली असल्यामुळे सुरुवातीला क्लॅरिनेटचे शिक्षकच डझनाहून अधिक होते. त्यांतले प्रमुख झाव्हिए लफेव्र यांनी सहा चाव्यांच्या क्लॅरिनेटसाठी लिहिलेली शिक्षणपद्धती १८०२ मध्ये प्रसिद्ध झाली.

या कॉन्झर्वेटरीपुढे १८१२ मध्ये इव्हान म्युलर नावाचा, आजच्या एस्टोनियात जन्मलेला वादक एक नवे क्लॅरिनेट घेऊन उभा राहिला. त्याला १३ चाव्या होत्या. त्याचे म्हणणे असे, की या एकाच वाद्यावर कोणत्याही पट्टीत वाजवता येईल, तीन-तीन वाद्ये वागवायची गरज नाही. कॉन्झर्वेटरीच्या समितीने ते वाद्य नाकारले, आणि त्यासाठी दिलेले कारण विचार करण्यासारखे आहे: वेगवेगळ्या पट्टीच्या क्लॅरिनेटांचा आवाज वेगवेगळ्या स्वभावाचा असतो, एकच वाद्य राहिले तर संगीतकारांच्या हातून हे रंग जातील. मला हे कारण पूर्णपणे खोटे वाटत नाही. आजही पाश्चात्त्य वाद्यवृंदातला क्लॅरिनेटवादक काळी पाच आणि पांढरी सहा अशी दोन वाद्ये पेटीत घेऊन फिरतो, म्हणजे समितीचे म्हणणे निम्मे तरी टिकले आहे. पण त्या निर्णयात दुसरेही काहीतरी असावे असा संशय येतो. ज्यांनी आयुष्यभर सहा चाव्यांवर बोटे झिजवून नाव कमावले त्यांना, नवा पोरगा हेच सारे निम्म्या कष्टात करणार, ही कल्पना फार सुखाची वाटली नसणार. कारण मात्र नेहमीप्रमाणे कलेच्या नावाने दिले गेले. म्युलरचे वाद्य कॉन्झर्वेटरीबाहेर पसरलेच, आणि वीस वर्षांत तिच्या दारातून आतही आले.

ते आत आणले फ्रेडरिक बेर यांनी. हे मूळचे मानहाइमचे जर्मन, १८३१ पासून कॉन्झर्वेटरीत प्राध्यापक. त्यांनी १३ चाव्यांचे वाद्य आणलेच, शिवाय आणखी धाडसाची गोष्ट केली. तोपर्यंत फ्रान्समध्ये माउथपीस असे धरत की रीड वरच्या ओठाला लागेल. बेर यांनी ते उलटे फिरवून रीड खालच्या ओठावर आणली. वाचायला ही बारीकशी गोष्ट वाटते. ज्याने वर्षानुवर्षे वरच्या ओठाने रीड सांभाळली आहे त्याला ती खाली घ्यायला सांगणे म्हणजे बोलायला नव्याने शिकायला सांगण्यासारखे आहे, हे मात्र एकदा ओठ सुजवून घेतल्याशिवाय कळत नाही. बेर १८३८ मध्ये ऐन चाळिशीत गेले आणि त्यांच्या जागी त्यांचेच विद्यार्थी क्लोझे आले.

क्लोझे यांचे चरित्र थोडक्यात सांगून होते. जन्म १८०८ चा, कॉर्फू बेटावर, तेव्हा ते बेट फ्रेंचांच्या ताब्यात होते. तरुणपणी फ्रान्समध्ये लष्करी बँडमध्ये वादन, मग बेर यांच्या वर्गात शिक्षण, नाटकगृहाच्या वाद्यवृंदात नोकरी, आणि तिशीत कॉन्झर्वेटरीची खुर्ची. दौरे नाहीत, राजेरजवाड्यांच्या मेजवान्या नाहीत, प्रेमभंग असल्यास नोंदलेला नाही. चरित्रकाराला पकडायला जागाच मिळत नाही. पण प्राध्यापक झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८३९ मध्ये, पॅरिसच्या औद्योगिक प्रदर्शनात वाद्यकार लुई-ऑग्युस्त ब्युफे यांनी एक क्लॅरिनेट मांडले, आणि ते दोघांनी मिळून घडवलेले होते.

त्याची प्रेरणा बासरीतून आली होती. म्युनिकचे बासरीवादक थिओबाल्ड बोएम यांनी १८३२ मध्ये आपल्या बासरीवर अशी रचना केली होती, की भोकाभोवती एक कडी बसवायची आणि ती लांब दांडीने दुसऱ्या, दूरच्या भोकावरच्या झाकणाला जोडायची. बोटाने भोक बंद केले की कडीही दबते आणि जिथे बोट पोहोचूच शकत नाही तिथले झाकण आपोआप बंद होते. म्हणजे एक बोट दोन बोटांचे काम करू लागते. त्यामुळे भोक कुठे पाडायचे हे बोटाच्या लांबीवरून ठरवण्याऐवजी स्वराच्या गरजेवरून ठरवता येते. ही बासरी १८३७ च्या सुमारास पॅरिसमध्ये पोहोचली. ब्युफे यांच्या कारखान्यात तशा बासऱ्या बनू लागल्या होत्या, आणि त्या नाजूक दांड्या झटकन जागेवर याव्यात म्हणून त्यांनी सुईसारख्या बारीक पोलादी स्प्रिंगा बसवल्या होत्या; आजच्या वाद्यांतही त्याच जातीच्या स्प्रिंगा असतात. क्लोझे यांनी हे तंत्र क्लॅरिनेटवर आणायचे ठरवले. बोएम यांची बोटयोजना जशीच्या तशी उचलणे शक्यच नव्हते, कारण बासरीचे सप्तक आणि क्लॅरिनेटची ती वेडीवाकडी उडी यांचा मेळ बसत नाही. शेवटी जे तयार झाले त्यात १७ चाव्या, ६ कड्या आणि २४ भोके होती. पेटंट १८४४ मध्ये घेतले गेले. आज दुकानात जे साधे फ्रेंच पद्धतीचे क्लॅरिनेट मिळते त्याच्या चाव्या मोजल्या तर त्या १७ च भरतात आणि कड्या ६ च.

सरांनी लिहिलेल्या त्या तीन अक्षरांचे मूळ इथे आहे. म्युलरच्या वाद्यावर बी आणि सी-शार्प या दोन्ही स्वरांच्या चाव्या डाव्याच करंगळीच्या वाट्याला होत्या. एकावरून दुसरीवर जायचे तर करंगळी घसरवत न्यायची, दुसरा मार्ग नाही. चाली संथ असतील तर हे जमते. द्रुत तानेत त्या दोन स्वरांमध्ये एक बारीकशी चिरकी उचकी ऐकू येते. क्लोझे-ब्युफे यांनी बी, सी आणि सी-शार्प या तिन्ही स्वरांच्या चाव्या दोन्ही हातांना दिल्या. तीच चावी डावीकडेही आणि उजवीकडेही. यात बुद्धीची मोठी झेप आहे असे कुणी म्हणणार नाही. घराला मागचे दार ठेवावे इतकी साधी गोष्ट. पण ती करायला कुणीतरी रोज वर्गात बसून, वेगवेगळ्या आकारांच्या हातांची वेगवेगळी मुले ठरावीक दोन स्वरांवर कशी अडखळतात हे ऐकत राहावे लागते. मैफलीच्या वादकाला हे सुचण्याची शक्यता कमी, कारण त्याने स्वतःपुरता तो अडथळा केव्हाच जिरवलेला असतो, आणि जिरवलेल्या अडथळ्याचा माणसाला अभिमान वाटू लागतो.

मला क्लोझे यांच्याबद्दल जे म्हणायचे आहे ते एवढेच. मुलगा अडतो तेव्हा शिक्षकापुढे दोन शक्यता असतात: मुलाचा रियाज कमी आहे, किंवा वाद्यात खोट आहे. आपल्या परंपरेत पहिली शक्यता इतकी पवित्र मानली गेली आहे की दुसरी उच्चारणेसुद्धा उद्धटपणाचे वाटते. कष्टाला आपण तप म्हणतो, आणि तपाचे कोणी शॉर्टकट शोधत नाही. सरांनीही सांगितले होते, की त्यांच्या मेस्तांच्या हातात वेत असे आणि वेताला वाद्याची खोट कळत नसे. क्लोझे यांनी दुसऱ्या शक्यतेला जागा दिली. कॉन्झर्वेटरीतल्या मानाच्या खुर्चीवर नुकतेच बसलेले असताना, ज्या वाद्यावर आपल्याला ती खुर्ची मिळाली तेच वाद्य अपुरे आहे असे त्यांनी मानले. त्यात स्वतःची कमावलेली बोटे मोडून नव्याने बसवणेही आले. तिशीतल्या माणसाला ते सोपे गेले नसणार. १८१२ च्या समितीतल्या थोरांना हीच गोष्ट जमली नव्हती.

पण कष्ट कमी केले म्हणजे क्लोझे यांनी मुलांना मोकळे सोडले, असा समज कुणी करून घेऊ नये. १८४३ मध्ये त्यांची शिक्षणपद्धती आली, तीच सरांच्या झेरॉक्स प्रतीचे मूळ. त्यात ओळींमागून ओळी अशा आहेत की चारच स्वर घ्यायचे, आणि ते उलटसुलट, मागेपुढे, इतक्या वेळा फिरवायचे की शेजारच्यांनी पोलीस बोलवावेत. पलटे म्हणजे काय हे ज्याने हार्मोनियमवर अनुभवले आहे त्याला ही पाने लगेच ओळखीची वाटतील. फरक हा की इथे पलटा स्वरांच्या क्रमावर रचलेला नसून बोटांच्या अवघडलेपणावर रचलेला आहे. कोणती दोन बोटे एकाच वेळी, एक वर आणि एक खाली, जाताना गडबडतात, हे हेरून त्या जोडीसाठी वेगळी ओळ लिहिली आहे. जिथे यंत्राने सुटणारी अडचण होती ती यंत्राने सोडवली. जी उरली ती घोटण्यासाठी ठेवली. या दोन प्रकारच्या अडचणींत फरक करता येणे हीच शिक्षकाची अक्कल, असे मला ती पाने वाजवताना वारंवार वाटले आहे.

त्या पुस्तकाच्या मूळ शीर्षकातच आणखी एक गोष्ट आहे. ते पुस्तक नव्या, हलत्या कड्यांच्या क्लॅरिनेटसाठी आहेच, पण जुन्या १३ चाव्यांच्या क्लॅरिनेटसाठीही आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. नव्या वाद्याच्या जनकाने स्वतःच्या पुस्तकात जुन्या वाद्याला बसायला पाट मांडला. यामागे प्रकाशकाचा व्यवहार असेलही, कारण जुनी वाद्ये असलेली गिऱ्हाइके जास्त होती. मला तरी त्यात वर्ग चालवणाऱ्या माणसाचे शहाणपण दिसते. नवे वाद्य महाग, विद्यार्थी बव्हंशी साध्या घरांतले किंवा पलटणींच्या बँडमधले. त्यांना ‘आधी नवे वाद्य घेऊन ये’ असे सांगणारा शिक्षक फार दिवस शिक्षक राहत नाही.

नावाच्या बाबतीत मात्र क्लोझे यांच्यावर अन्याय झाला. ज्या वाद्याच्या रचनेत थिओबाल्ड बोएम यांनी हातच लावला नव्हता ते वाद्य जगभर बोएम पद्धतीचे क्लॅरिनेट म्हणूनच ओळखले गेले. ब्युफे यांचेही नशीब असे की आज ब्युफे म्हटल्यावर सगळ्यांना आठवते ती ब्युफे-क्राँपाँ ही कंपनी, आणि ती त्यांची नसून त्यांच्या भावाच्या शाखेची.

कॉन्झर्वेटरीच्या वर्षाचा शेवट होई तो जाहीर स्पर्धेने. विद्यार्थ्याने ठरलेली रचना परीक्षकांपुढे वाजवायची, आणि पहिले पारितोषिक मिळाले की शिक्षण पुरे. न मिळाले तर पुढच्या वर्षी पुन्हा. क्लोझे यांच्या काळात स्पर्धेची रचना बहुधा प्राध्यापकच लिहीत; त्यांच्या बऱ्याच एकलवादनाच्या रचना याच कामासाठी झाल्या. त्या चांगल्या बेताच्या आहेत, पण ऑपेरातल्या गायिकेसारखी एक लांब लडिवाळ ओळ आणि मग शेवटी फटाक्यांची माळ, हा साचा त्यांतून फारसा सुटत नाही. खरा बदल पुढच्या पिढीत आला. क्लोझे यांचे शिष्य सिरिल रोज यांनी पॅरिसच्या ऑपेरात दीर्घकाळ मुख्य क्लॅरिनेट वाजवले आणि १८७६ ते १९०० या काळात गुरूंच्या वर्गाची सूत्रे सांभाळली. त्यांचे काम गुरूंपेक्षा वेगळ्या वळणाचे. ओबोवादक फेर्लिंग यांच्या अभ्यासांवरून त्यांनी क्लॅरिनेटसाठी ३२ अभ्यास तयार केले. त्यांत बोटांइतकीच श्वासाची आणि ओळ कुठे मोडायची याची परीक्षा होते. क्लोझे यांनी बोटांचा प्रश्न बराचसा मिटवून ठेवला होता म्हणूनच रोज यांना वाक्याकडे लक्ष देता आले, असे मला वाटते.

क्लोझे यांच्याकडे शिकलेल्यांत एक नाव अनपेक्षित आहे. ऑग्युस्ता होल्मेस या संगीतकर्तीने वाद्ययोजनेचे धडे त्यांच्याकडे घेतले होते. त्या काळी बाईने पियानोवर छोटी गाणी रचावीत एवढीच अपेक्षा असे. होल्मेस यांनी १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी प्रचंड वाद्यवृंदाची आणि समूहगायनाची रचना उभी केली. आणि १९०० मध्ये कॉन्झर्वेटरीच्या क्लॅरिनेट स्पर्धेसाठी जी फँटसी निवडली गेली ती त्यांचीच होती. क्लोझे जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती.

पुढे दहा वर्षांनी, १९१० मध्ये, त्याच स्पर्धेसाठी क्लोद दब्युसी यांनी रॅप्सडी लिहिली. ते स्वतः परीक्षकांत बसले, आणि आयत्या वेळी वाचून वाजवण्यासाठी एक छोटा तुकडाही त्यांनीच लिहून दिला. रॅप्सडी अर्पण केली आहे ती प्रॉस्पेर मिमार यांना; ते रोज यांचे शिष्य आणि तेव्हाचे प्राध्यापक, म्हणजे क्लोझे यांच्या घराण्यातलेच. तिची सुरुवात इतकी हळू आणि स्वप्नात असल्यासारखी होते की त्यात परीक्षा कसली, असा प्रश्न पडावा. परीक्षा ही, की खालच्या भागातून वरच्या भागात जाताना, जिथे जवळजवळ सगळी बोटे एकदम पडायची असतात त्या सांध्यावर, ओळीला तडा जाता कामा नये. सहा चाव्यांच्या वाद्यावर ही ओळ लिहिण्याचे दब्युसींच्या मनातही आले नसते.

एवढे म्हटल्यावर एक गोष्ट मान्य करायलाच हवी, नाहीतर हा लेख फ्रेंच वाद्याची जाहिरात ठरेल. जर्मनीने क्लोझे यांचे वाद्य स्वीकारले नाही. तिथे म्युलरच्याच वाद्यात सुधारणा होत गेल्या, आणि आजही जर्मन-ऑस्ट्रियन वाद्यवृंदांत त्याच वंशातली वाद्ये वाजतात. म्युनिकच्या कार्ल बेअरमान यांनी अशी एक सुधारित पद्धत तयार केली. ते स्वतःही शिक्षक आणि मोठ्या शिक्षणपद्धतीचे लेखक. त्या पद्धतीचे वाद्य माइनिंगनच्या दरबारी वाद्यवृंदात रिचर्ड म्युलफेल्ड वाजवत. हे मूळचे व्हायोलिनवादक, क्लॅरिनेट स्वतःच शिकलेले, कॉन्झर्वेटरीचे तोंडही न पाहिलेले. १८९१ मध्ये योहानेस ब्राम्स यांनी त्यांना ऐकले, आणि लेखन आवरते घ्यायच्या बेतात असलेल्या त्या संगीतकाराने त्याच वर्षी एक त्रिवादन, एक पंचवादन आणि १८९४ मध्ये दोन सोनाटा लिहिल्या. क्लॅरिनेटसाठी याहून मोलाचे काही लिहिले गेले असेल तर ते मोत्सार्टनेच. म्हणजे पॅरिसची शंभर वर्षांची संस्था, तिच्या स्पर्धा आणि पारितोषिके एका पारड्यात, आणि ‘मागासलेले’ वाद्य हाती घेतलेला एक स्वयंशिक्षित वादक दुसऱ्या पारड्यात, अशी तुलना केली तर निकाल सोपा नाही. यंत्रणा विद्यार्थ्याला वर उचलते. ब्राम्सला लिहायला लावणारा स्वर ती देत नाही. तरी मी क्लोझे यांच्या बाजूचा आहे, कारण म्युलफेल्ड शतकात एखादा जन्मतो आणि करंगळी अडणारी मुले रोज जन्मतात.

आपल्याकडेही क्लॅरिनेट बहुतेक जुन्याच रूपात आले. पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड आणि मग लग्नाच्या वरातीतली पथके, असा त्याचा प्रवास. तंजावरच्या मराठा दरबारात दुसऱ्या सरफोजी राजांनी पाश्चात्त्य बँड ठेवला होता. त्याच शहरात पुढे एकोणिसाव्या शतकात नृत्याच्या साथीला क्लॅरिनेट बसू लागले आणि तिथून ते कर्नाटक संगीतात शिरले. हे वादक जुन्या, कमी कड्यांच्या वाद्यालाच धरून राहिले, आणि त्याचे कारण अडाणीपणा नव्हते. उघड्या भोकावरून बोट हळूहळू सरकवले की मींड निघते. भोकाला कडी आणि कडीला दूरचे झाकण जोडलेले असले की बोट जरा हलताच ते झाकणही हलते आणि स्वर सरकण्याऐवजी पायरी चढतो. आमच्या सरांकडे दोन्ही वाद्ये आहेत. स्टुडिओतले फ्रेंच पद्धतीचे, आणि बँडमधल्या एका वादकाकडून घेतलेले जुने, ज्याच्या चाव्यांवरचा मुलामा उडून पिवळे पितळ दिसते. एकदा त्यांनी भैरवीचा एकच तुकडा दोन्हींवर वाजवून दाखवला. नव्या वाद्यावर तो स्वच्छ होता, सुरेल होता, आणि कोमल ऋषभावरून षड्जावर उतरताना मधला रस्ता गायब होता. क्लोझे यांनी जी अडचण सोडवली ती त्यांच्या संगीताची होती. आपल्या संगीतासाठी त्यांनी घसरण्याची सोय काढून टाकली, असेही म्हणता येईल.

त्यांच्या संगीतातही सगळे सुटले असे नाही. अंगठ्याजवळचे जे छोटे भोक उघडले की वाद्य वरच्या भागात उडी मारते, त्याच भोकातून मधला बी-फ्लॅट काढला जातो. एका भोकाला दोन कामे, आणि दोन्ही अर्धवट: उडीसाठी ते जरा मोठे, स्वरासाठी जरा लहान. म्हणून क्लॅरिनेटचा तो बी-फ्लॅट आजही सर्दी झाल्यासारखा वाजतो, आणि वादक उजव्या हाताची बोटे खाली टाकून त्याला जरा ऊब देतात. पुढच्या वाद्यकारांनी यावर नाना यंत्रे लावून पाहिली, पण सगळ्यांना पटेल असे काही निघालेले नाही. दुसरे म्हणजे करंगळ्यांच्या चार स्वरांपैकी तिघांना दोन्हीकडे चाव्या मिळाल्या, चौथ्याला, म्हणजे डी-शार्पला, मात्र फक्त उजवीकडे. म्हणून तर सरांच्या पेन्सिलीला शेवटच्या उ पासून मागे मोजत यावे लागले. महागड्या वाद्यांवर आता डावीकडे एक जादा दांडी मिळते आणि हा चौथा स्वरही मोकळा होतो. माझ्या वाद्याला ती नाही. त्यामुळे सी आणि डी-शार्प लागून आले की मी आधी पुढच्या ओळीकडे बघतो, कुठे डावी आणि कुठे उजवी लागेल ते पेन्सिलीने लिहून घेतो आणि मगच फुंकतो.